पाद्रीसाठी काच

टापियोला, मिशिगन
१३ ऑक्टोबर १९८१

प्रिय इर्या,

तुझं पत्र आणि संत्र्यांची पेटी, दोन्ही पोचलं. संत्री गोड आहेत. थोडी शेजारच्या रेइनोला दिली. त्यानं ती बटाट्यांशेजारी तळघरात ठेवली आहेत, म्हणजे बहुतेक वसंतात खाईल.

फ्लोरिडाला राहायला येतेस का, असं तू पुन्हा विचारलंस. त्याआधी इथं काय झालं ते सांगते. गेल्या मंगळवारी सकाळी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं तर मोजे ओले. आर्वोच्या माशाची टाकी गळते आहे. ती जुन्या पद्धतीची, लोखंडी चौकटीची, कडांना काच बसवायची लांबी भरलेली. लांबी वाळली की आर्वो ती उकरून नवी भरायचा. या उन्हाळ्यात ते कोणी केलं नाही.

मासा तुला आठवत असेल. तू शेवटची आलीस तेव्हा तळहाताएवढा होता, आता माझ्या चपलेपेक्षा लांब आहे. तुझ्या भावानं त्याचं नाव पाद्री ठेवलं, कारण काळा झगा, नारिंगी कड, आणि सारखं तोंड उघडायचं, मिटायचं. आपल्या चर्चच्या पाद्रीबुवांना हे कळलं असावं, पण त्यांनी तसं दाखवलं नाही.

त्याला बादलीतून खाली नेऊन कपडे धुण्याच्या सिमेंटच्या हौदात सोडलं आहे. पाणी कोमट ठेवायची कांडी लावली, वर फळी टाकली, कारण तो उडी मारतो. जिवंत आहे, पण खात नाही. गांडूळ दिलं, माशाचा तुकडा दिला. तोंडात घेतो आणि थुंकतो. मग भिंतीकडे तोंड करून तळाशी बसतो.

मला मासे आवडत नाहीत, तळलेले सोडून. हे तुला माहीत आहे. पण घरात आर्वोचं जे उरलंय ते म्हणजे कोट, बूट आणि करवती. यातलं काहीच जेवत नाही. हा जेवायचा. तो मरू नये, एवढंच मला सध्या हवं आहे.

म्हणून मी त्याच्यासाठी काचेची नवी टाकी करणार आहे, घरीच. पुस्तकांची गाडी गुरुवारी येते, तिच्यातून एक पुस्तक मागवलं आहे.

कंबरेचं कसं आहे? काठी सुटली का?

तुझी,
सिल्वी

•

लेक वर्थ, फ्लोरिडा
२० ऑक्टोबर

प्रिय सिल्वी,

मी विचारलं, येतेस का. तू मला माशाबद्दल लिहिलंस. आर्वोचंही हेच. आई विचारायची, लग्न कधी करतोस, तर तो व्यायला झालेल्या गाईबद्दल सांगत बसायचा. तुम्ही दोघं एकमेकांना कसे सापडलात ते मला आता कळतं.

पुन्हा विचारते. माझ्या शेजारची खोली रिकामी झाली आहे. हिएतालाबाई गेल्या. मॅनेजर म्हणाला, नव्या वर्षापर्यंत तुमच्या वहिनीसाठी थांबतो. कोपऱ्यावर आपल्या फिनिश लोकांचा हॉल आहे, तिथं रोज कॉफी आणि वेलदोड्याचा पाव असतो. तुझ्यापेक्षा वाईट पाव, पण असतो. बर्फ उपसायला लागत नाही. जानेवारीत मी उघड्या बाल्कनीत मोजे विणत बसते. ते घालायला कोणाचे पाय थंड नसतात, ती गोष्ट वेगळी.

माशाचं म्हणशील तर त्याला हँकॉकच्या दातांच्या डॉक्टरकडे दे. त्यांच्या बाहेरच्या खोलीत केवढी तरी टाकी आहे, मी तिच्यासमोर बसून दाढ काढून घेतली आहे. आणि ठेवायचाच असेल तर काचच कशाला? गोठ्यात गुरांना पाणी पाजायचा पत्र्याचा हौद पडलेला असेल. माशाला काय कळतं काच आणि पत्रा?

घरात आता जेवणारं कोणी नाही, असं तू लिहिलंस. तू जेवतेस ना? ते लिहायचं राहिलं.

काठी सुटली नाही. तिच्यावर मी एक टोपी अडकवते.

तुझी,
इर्या

•

टापियोला
२८ ऑक्टोबर

प्रिय इर्या,

पत्र्याच्या हौदाचा विचार केला. नको.

काय झालं सांगते. जुनी टाकी जेवणाच्या टेबलासमोर होती. मी कॉफी ओतायला उठले की पाद्री काचेपाशी यायचा, बसले की तोही खाली यायचा. खालच्या हौदात चारी बाजूंना सिमेंट आहे आणि वर फळी. त्याला कोणी दिसत नाही. पुस्तकात लिहिलंय की या जातीचा मासा माणसं ओळखतो. मला इतकी वर्षं वाटत होतं, आपल्याला मासा दिसावा म्हणून टाकी काचेची असते. मला वाटतं, ते उलटं आहे. डॉक्टरकडेही नको. तिथं थोड्या थोड्या वेळानं नवा माणूस येतो आणि तो घाबरलेला असतो. तिथं हा कोणाला ओळखणार?

आधी मी थंडीत खिडक्यांना बाहेरून लावायच्या जादा तावदानांतली दोन जुनी काढली. रेइनोनं त्यांच्यावर बोटाचं पेर आपटलं आणि म्हणाला, यात पाणी भरलंस तर पाद्री प्रवचन देईल, पण जमिनीवरून. मग त्यानं सांगितलं की आपलं सहकारी दुकान बंद झालं तेव्हा दर्शनी खिडकीच्या दोन्ही जाड काचा त्यानं आपल्या गोठ्यात आणून ठेवल्या आहेत. दुकानाच्या नव्या मालकाला तिथं विटांची भिंत हवी होती. त्यातली एक आणली. तिच्यावरची सोनेरी अक्षरं मी ब्लेडनं खरवडून काढली. या खिडकीच्या आत आर्वो किती वर्षं पीठ आणि खिळे मोजत होता, आणि मी बाहेरून हात करायचे.

रेइनो काच कापतो आणि मी कडा घासते, पाण्याखाली, सुरीला धार लावायच्या दगडानं. कड बोटाला लागेनाशी होईपर्यंत घासायची. मला हे काम आवडतं. जोडायला लांबी नाही, नळीतून निघणारं रबरासारखं काहीतरी असतं. त्याला व्हिनेगरचा वास येतो. हेरिंग मासे मुरत घातल्यासारखं वाटतं.

जागेची अडचण होती. स्वयंपाकघरात दाटी, तळघरात धूळ, गोठ्यात गारठा. म्हणून साउनात जोडायचं ठरवलं. वाफेनं न्हायची ती लाकडी खोली, स्वच्छ, दार घट्ट बसतं, आणि सध्या तिथं काही नसतं. पाच काचा जोडून झाल्या की आठवडाभर कोणी हात लावायचा नाही.

मी जेवते. काल पिवळ्या सलगमचं भरीत केलं होतं.

तुझी,
सिल्वी

•

लेक वर्थ
५ नोव्हेंबर

प्रिय सिल्वी,

पत्र दोनदा वाचलं. काच, दगड, हेरिंग, सगळं समजलं. पण मध्ये तू एक वाक्य हळूच सरकवलंस. सध्या तिथं काही नसतं.

सिल्वी, साउना कधीपासून थंड आहे?

आर्वो त्या शनिवारी साउनातून न्हाऊन आला, टेबलाशी बसला आणि गेला. त्यानंतर तू ती शेगडी पेटवलीच नाहीस, असं तर नाही ना? मी तुला हे फोनवर विचारणार होते, पण फोनवर तू हवामान सांगतेस.

बाबांनी त्या जमिनीवर आधी साउना बांधली, मग घर. मी आणि आर्वो दोघं त्या फळ्यांवर जन्मलो. मी तुला रागवत नाही. मला फक्त ती खोली मार्चपासून गार पडली आहे, हे इथं उन्हात बसून सहन होत नाही. आणि रेइनो? आमच्या धुराड्यातून शनिवारी धूर निघाला की यायचं, दार वाजवायचं नाही, पुरुषांनी आधी न्हायचं. तो विशीत असल्यापासून हे चाललंय. त्याच्या घरी टब नाही. आता तो काय करतो? विचारलंस का त्याला? तो सांगणार नाही, ते मला माहीत आहे.

टाकी बाहेर काढ आणि शेगडी पेटव. माशासाठी तू एवढं करतेस, स्वतःसाठी पाणी तापव.

तुझी,
इर्या

•

टापियोला
१६ नोव्हेंबर

प्रिय इर्या,

तू म्हणालीस तशी साउना पेटवली. परवा, शनिवारी.

टाकीची पुढची काच तडकली. रेइनो आत होता. त्याची चूक नाही, माझी आहे. मी गेले तेव्हा उशीर झाला होता. त्याच्याकडे पाहावेना, म्हणून पाठ करून त्याचे कपडे दिले. काल तो हरणांच्या शिकारीला रानातल्या खोपटात गेला.

जास्त लिहवत नाही. पाद्री खात नाही. त्याचं पोट आत गेलंय आणि डोक्यामागे खळगा दिसतो. पुस्तकात हे वाईट लक्षण म्हणून दिलं आहे.

सिल्वी

•

लेक वर्थ
२१ नोव्हेंबर

प्रिय सिल्वी,

तुझं पत्र मी हॉलमध्ये, कॉफीच्या टेबलावर, चार बायकांसमोर उघडलं. हे करायला नको होतं. घरी येऊन पुन्हा वाचलं.

मी आर्वोची बहीण असले तरी माझं काही म्हणणं नाही. रेइनो चांगला माणूस आहे. दारू बेतानं घेतो, दात स्वतःचे आहेत. टाकीवर काय आपटलं ते मी विचारणार नाही. फक्त आठ महिनेच झालेत, असं मी आधी लिहिलं होतं. ते खोडलं आहे, तरी कागदावर तुला दिसेलच.

वाईट एवढ्याचंच वाटलं की तू मला मासा पुढे केलास. इकडे न येण्याचं कारण रेइनो आहे, असं सरळ लिहिलं असतंस तर मी काय तुला खाल्लं असतं? मॅनेजरला खोलीचं नाही सांगून टाकू का?

पाद्रीला थोडी हरणाची काळीज-कलेजी देऊन पाहा. शिकारी रिकाम्या हातानं आला नाही तर.

इर्या

•

टापियोला
२८ नोव्हेंबर

प्रिय इर्या,

तुझं पत्र चुलीशी उभी राहून वाचलं. दातांपाशी पोचले आणि हसू फुटलं. मार्चनंतर असं पहिल्यांदा झालं. पाव करपला, तरी हसणं थांबेना. मी लिहिलेलं तुझ्या जागी बसून पुन्हा आठवलं. तुझी चूक नाही.

आता नीट सांगते. साउना पेटवली हे अर्धंच खरं होतं. टाकी जोडून झाली होती, पण गारठ्यात ते रबर घट्ट होईना. टाकी बाहेर काढायला तू सांगितलंस, पण ओले सांधे हलवायची सोय नव्हती. म्हणून शेगडीत तीन बारीक काटक्या लावल्या, खोली जरा उबदार राहावी एवढ्याच. टाकीवर धूळ बसू नये म्हणून चादर टाकली आणि घरात येऊन बसले. वार कोणता हे डोक्यातच आलं नाही.

रेइनोनं त्याच्या अंगणातून धूर पाहिला.

त्यानं दर वर्षीसारखी जूनमध्ये साउनात अंगावर झोडायची बर्चच्या डहाळ्यांची जुडी बांधून वाळवली होती, इर्या. कोणी बोलावलं नव्हतं, तरी बांधली होती. ती आणि टॉवेल काखेत घेऊन तो शेतातून आला. दार वाजवलं नाही. आत कोणी नाही, म्हणजे पुरुषांची पाळी. कपडे काढले. शेगडीत पाहतो तो तीन काटक्या. त्याला वाटलं, बिचारीला आर्वोसारखं पेटवता येत नाही. त्यानं शेगडी बर्चच्या ओंडक्यांनी भरली आणि वरच्या फळीवर जाऊन बसला. खाली चादरीखाली काहीतरी आहे हे त्याला दिसलं. मी कपडे वाळत घातले असतील असं त्याला वाटलं. शेगडीवरचे दगड चांगले तापल्यावर त्यानं वाफेसाठी एक डाव पाणी ओतलं. काच तडकल्याचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू आला.

मी पोचले तर तो दार किलकिलं करून उभा होता. "सिल्वी," तो म्हणाला, "इथं काहीतरी मोडलंय, आणि मी उघडा आहे."

मी पाठ करून कपडे दिले. ते घालून तो बाहेर आला, केस ओले, त्यांच्यावर लगेच बर्फाचे कण धरायला लागले. तो म्हणाला, "मला वाटलं, तू बोलावलंस."

तो गेला.

मग मी झाडू घेऊन आत गेले. खोली पूर्ण तापलेली होती, आर्वो तापवायचा तशी. बर्चच्या पानांचा वास होता. तेवढी ऊब वाया घालवायची मला हिंमत झाली नाही. तडकलेली टाकी बाजूला सरकवली, कपडे काढले आणि माझ्या जागी बसले. खिडकीकडची वरची जागा आर्वोची, तिथं बसले नाही. बराच वेळ बसले. रडले असं लिहीत नाही, साउनात ते वेगळं कळत नाही.

रेइनो आठ दिवसांनी रानातून आला. हरणाची मांडी आणली, आणि दुकानाच्या दुसऱ्या काचेतून मापाचा तुकडा कापून आणला. मी त्याला शनिवारी ये म्हटलं. तो म्हणाला, धूर बघून येतो. मग जरा विचार करून म्हणाला, पण आधी चादरीखाली बघतो.

टाकी आता स्वयंपाकघरातल्या टेबलावर आहे, नवी काच बसवून. मी ओट्याशी उभी राहून जेवते. पाद्रीनं कलेजी तोंडात धरली, जरा वेळ धरली, आणि सोडली. किती दिवस असा तग धरेल सांगता येत नाही.

मॅनेजरला आत्ताच काही सांगू नकोस.

तुझी,
सिल्वी

•

लेक वर्थ
५ डिसेंबर

प्रिय सिल्वी,

चादरीखाली बघतो, हे मी हॉलमध्ये मोठ्यानं वाचलं. आता इथं कोणी खुर्चीवर बसायच्या आधी उशी उचलून बघतं. रेइनोला माझी माफी सांग. कशाबद्दल ते सांगू नकोस. दातांचं तर मुळीच सांगू नकोस.

तू खरं लिहिलंस, तर मीही लिहिते. हिएतालाबाई गेल्या असं मी लिहिलं होतं. मुलीकडे गेल्या असं तुला वाटलं असेल, आणि मी तसं वाटू दिलं. त्या वारल्या. इथं खोल्या अशाच रिकाम्या होतात. आम्ही दोघी रोज सकाळी बाल्कनीत कॉफी प्यायचो, त्या त्यांच्या, मी माझ्या, मध्ये कठडा. फार काही बोलायचो नाही. आता मी एकटी पिते आणि माझंच घोटणं मला ऐकू येतं.

म्हणजे तुला थंडीतून सोडवायला मी बोलावत नव्हते. तुझी थंडी तुला आवडते, हे मला माहीत आहे. मला कठड्यापलीकडे माझ्या घरचं कोणीतरी हवं होतं. नऊ महिने मी हे उलटं लिहीत होते.

आता काय ते ठरव. मासा कसा आहे ते आधी लिही, मग तुझं.

तुझी,
इर्या

•

टापियोला
१३ डिसेंबर

प्रिय इर्या,

आधी मासा.

सोमवारी टाकीत पाणी भरलं. खाली वर्तमानपत्र पसरलं होतं, एक थेंब गळला तरी डाग दिसावा म्हणून. दोन दिवस कागद कोरडा राहिला. मग मी आणि रेइनोनं टाकी रिकामी करून जुन्या जागी ठेवली, पुन्हा भरली, आणि बुधवारी पाद्रीला बादलीतून वर आणलं. तो इतका हलका लागला की मला धसका बसला. पाण्यात सोडला तर थेट मागच्या कोपऱ्यात गेला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. अगदी हौदातल्यासारखा. मी टेबलाशी बसले, उठले, कॉफी ओतली, पुन्हा बसले. तो वळला नाही. गुरुवारी तसंच, शुक्रवारी तसंच. काच त्याला हवी आहे हे मी मनानंच ठरवलं होतं, असं मला वाटायला लागलं. तो आता एका बाजूला कलायला लागला होता.

काल शनिवार. रेइनो न्हाऊन कॉफीला आला. तुझं पत्र टेबलावर होतं. इर्या माझ्याबद्दल काय म्हणते, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं वाचून दाखवते, आणि मनात म्हटलं, नको ते गाळीन. तू मला ओळखतेस. सहावीत शाळा सुटली तेव्हापासून मी पुष्कळ वाचलं, पण सगळं मनातल्या मनात. मोठ्यानं वाचायची सवय नाही. त्यामुळे मान वर न करता वाचत होते. हिएतालाबाईंच्या कॉफीपाशी आले तेव्हा रेइनोनं चमचा टाकीकडे केला.

पाद्री पुढच्या काचेला तोंड लावून उभा होता.

मी वाचत राहिले. पत्र संपलं, मी थांबले, तो हळूच मागे सरकला. मी पहिल्यापासून वाचलं. तो आला. कठड्यापर्यंत वाचल्यावर रेइनोनं हरणाच्या मांसाचा तुकडा पाण्यात सोडला, आणि पाद्रीनं तो गिळला. थुंकला नाही. दुसराही गिळला. तिसऱ्याला त्यानं पाणी रेइनोच्या बाहीवर उडवलं.

आर्वो रोज सकाळी पेपर मोठ्यानं वाचायचा, तुला माहीत आहे. मी म्हणायचे, मला वाचता येतं. तो हो म्हणायचा आणि वाचत राहायचा. इतकी वर्षं मला वाटत होतं, तो मला वाचून दाखवतो. काल कळलं कोणाला दाखवत होता. रेइनो म्हणाला, पाद्रीच तो, त्याला ऐकायची सवय कुठली, आर्वोनं मेहनतीनं लावली असेल.

आज सकाळी पेपर वाचून पाहिला. मासा आला, पण माझाच आवाज मला पुढे नेता येईना. तुझं पत्र वाचता येतं.

तेव्हा माझं उत्तर असं आहे. मी येत नाही. त्या खोलीत दुसऱ्या कोणाला येऊ दे, आणि ती बाई बरी असली तर तिच्याशी कठड्यावरून बोल. पण मला पत्र लिही, लांब लिही. एका पानात तो दोन तुकड्यांच्या वर खात नाही.

तुझी,
सिल्वी

•

लेक वर्थ
२० डिसेंबर

प्रिय पाद्रीबुवा,

हे पत्र तुम्हाला आहे. तुम्हाला वाचता येत नाही म्हणून ते एका बाईला मोठ्यानं वाचावं लागेल, आणि तिला काही गाळता येणार नाही. गाळलंन तर पाणी उडवा.

तुम्ही जेवायला लागलात हे कळल्यावर मी हॉलमध्ये सगळ्यांना कॉफी पाजली. खोली मी सोडून दिली आहे. तिथं ओहायोचा एक विधुर येतोय. तो अकॉर्डियन वाजवतो म्हणे. त्याच्या कठड्यावरून काय येतं ते पुढच्या पत्रांत कळवीन. आता तुम्ही आणखी एक तुकडा खा.

मार्चमध्ये माझ्या भावाला निरोप दिला त्या दिवशी मी इथं दवाखान्यात कंबर बांधून पडले होते. या बाईनं संध्याकाळी फोन केला. म्हणाली, सगळं नीट झालं, माणसं पुष्कळ आली, पाव पुरला. मी विचारलं, तू कशी आहेस. ती म्हणाली, बर्फ वितळतोय. मी फोन ठेवून तिच्यावर चिडून रडले. तो राग आता राहिला नाही, एवढंच तिला कळवायचं होतं.

आणि बुवा, तुमचा एक गैरसमज झालेला दिसतो. त्या बाईचाही झाला आहे. माझा भाऊ लहानपणी बोलताना अडखळायचा. शाळेत मुलं हसायची, बाबाही हसायचे. शाळेतल्या बाईंनी सांगितलं, रोज मोठ्यानं वाच. मग तो गोठ्यात जाऊन गाईंना वाचून दाखवायचा. गाईंसमोर त्याचा एक शब्द अडायचा नाही. माणूस आलं की अडायचा. मोठेपणी ते कमी झालं, किंवा तो बोलायचाच कमी, त्यामुळे कोणाला कळेनासं झालं. तुमच्या बाई तर मिनेसोटाच्या, त्यांना कुठून कळणार.

लग्न झालं त्या हिवाळ्यात त्यानं मला लिहिलं होतं की मी सकाळी सिल्वीला पेपर वाचून दाखवतो, आणि अडखळत नाही. तिला स्वतःला वाचता येतं, तरी ती ऐकून घेते.

तुम्ही तेव्हा जन्मलाही नव्हता, बुवा. तो वाचत होता ते तिच्यासाठीच. तुम्ही मागाहून आलात आणि नुसते ऐकत राहिलात.

इथं ती थांबली असेल. तुम्ही कोपऱ्यात जाऊ नका. काचेपाशीच राहा. तिला वेळ लागतो, पण ती पुढे वाचते.

तुमची,
इर्या